विठाबाईंचं डावीकडचं दार

शिवाजी पेठेतल्या विठाबाईंना भाऊबीजेला माहेरी स्वतःच्या गाडीतून उतरायचं होतं. एवढंच. त्यांना विमान नको होतं, काशी नको होती, मुलाचं लग्नसुद्धा पुढच्या वर्षी झालं तरी चालणार होतं. फक्त गाडी दारात थांबावी, दार उघडावं, आणि आधी पाऊल, मग पदर, मग पर्स अशा क्रमानं आपण खाली उतरावं; आणि हे सगळं भावजयीनं उंबऱ्यात उभं राहून बघावं.

भावजयीचं नाव बनाबाई. माहेर राधानगरीच्या थोडं अलीकडं. दर भाऊबीजेला विठाबाई एसटीनं फाट्यावर उतरायच्या, फराळाची पिशवी सांभाळत चालत घर गाठायच्या आणि दारातच बनाबाई विचारायच्या, "वन्सं, यष्टीत बसायला जागा घावली का न्हाय हो?" वरवर बघितलं तर या वाक्यात काळजी आहे. पण बनाबाईंचा स्वतःचा भाऊ त्यांना न्यायला पांढऱ्याशुभ्र गाडीतून येतो हे एकदा कळलं, की त्याच वाक्यात किती टाचण्या आहेत ते दिसायला लागतं. विठाबाई दरवर्षी त्यातली एक टाचणी घेऊन घरी यायच्या आणि पुढच्या दिवाळीपर्यंत जपून ठेवायच्या.

म्हणून यंदा दसऱ्याला त्यांच्या मुलानं, आदर्शनं, गाडी घेतली. आदर्श हायस्कुलात चित्रकला शिकवतो. गाडी मुख्याध्यापकांची जुनी होती, पण रंग चंदेरी. आदर्शच्या मते तो रंग आणि संध्याकाळचं रंकाळ्याचं पाणी यांचं जवळचं नातं लागत होतं. असली वाक्यं तो फक्त घरात बोलतो. स्टाफरूममध्ये एकदा बोलला होता, तेव्हा पीटीच्या सरांनी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

विठाबाईंनी गाडीला ओवाळलं, हार घातला आणि आत बसायला साफ नकार दिला. "पयल्यांदा बसीन ती म्हायेराला जाताना." परिणामी मंडईला विठाबाई रिक्षानं जायच्या आणि आदर्श मागून गाडीतनं भाज्या आणायचा. आई रिक्षात, कोथिंबीर गाडीत. मायलेकरात काहीतरी बिनसलंय अशी गल्लीत कुजबुज सुरू झाली. विठाबाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांनी माहेरी फोन करून ठेवला होता. बनाबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "या की. बघू तर खरं." त्या 'बघू तर खरं'वर विठाबाईंनी नवी साडी घेतली.

आणि दिवाळीच्या तोंडावर फुलेवाडीला उसाचा ट्रॅक्टर आला.

आदर्शची यात काडीची चूक नव्हती, हे आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढं बरेच दिवस त्याला ते कुणी सांगू दिलं नाही. उजवीकडं वळायचं म्हणून तो रस्त्याच्या मध्यावर, इंडिकेटर लावून, परीक्षेच्या हॉलमधल्या पोरासारखा शांत थांबला होता. डावीकडनं ट्रॅक्टर गेला. गाणं एवढ्या मोठ्यानं लावलं होतं की आधी गाणं गेलं, मग ट्रॅक्टर. पहिली ट्रॉली सभ्यपणे गेली. दुसरी ट्रॉली मात्र जराशी हेलकावली आणि गाडीच्या डाव्या अंगावरून, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, एकही जागा नाराज न करता घासत गेली. काच फुटून दोन ऊस आत आले आणि शेजारच्या सीटवर येऊन बसले.

आदर्श ओरडत बाहेर आला. "अहो! ओ! थांबा!"

ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून बघितलं, गाडीतले ऊस बघितले आणि दिलदारपणे हात वर केला. "ऱ्हाऊ द्या पावणं! दिवाळी हाय!"

विमा कंपनीच्या मुलीनं फोनवर फार गोड आवाजात विचारलं, "सर, समोरच्या वाहनाचा नंबर?"

"नंबर दिसला नाही. मागं 'आईचा आशीर्वाद' लिहिलं होतं."

टाइप केल्याचा आवाज आला. "सॉरी सर, सिस्टीम हे घेत नाहीये."

"मग काय घेते?"

"सर, धडक कशाची होती? मोटार, दुचाकी, प्राणी, झाड, भिंत?"

"ऊस."

"सर, मी 'झाड' टाकते," ती म्हणाली. "पण मग झाड चालत आलं होतं का, असं सर्व्हेअर विचारतील. आणि ते दिवाळीच्या सुट्टीनंतरच येतील."

दिवाळीच्या सुट्टीनंतर! म्हणजे भाऊबीजेनंतर! आदर्शनं घरी येऊन गाडी उजवी बाजू दिसेल अशी भिंतीला लावली. विठाबाई बाहेर आल्या, गाडीभोवती फिरल्या, डाव्या अंगाला थांबल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. आत गेल्या आणि नवी साडी कपाटाच्या वरच्या खणात ठेवून आल्या. आदर्शला वाटलं, त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इथं शेजारचे मीरासाबचाचा प्रकरणात आले. मीरासाबचाचा एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. गाडीचा विषय निघाला की ते बोलावल्याशिवाय येतात, आणि विषय निघाला नाही तर काढायला येतात. त्यांनी दारावर हात फिरवला आणि निकाल दिला. "पोचा हाय निस्ता. आमच्या टायमाला गगनबावड्याच्या घाटात आख्खी बाजू गेलती, तरी पाशिंजर झोपलंतं. माझ्या वळखीचा मानूस हाय, राजवर्धन. डेंटिंग-पेंटिंगमधी जगात भारी."

"नक्की?"

"बेटा, मी कधी चुकीचं सांगितलंय?"

ती यादी सांगायला आदर्शला बराच वेळ लागला असता, आणि वेळ तर नव्हताच.

राजवर्धन हा पेठेच्या फुटबॉल संघाचा जुना गोलकीपर. हाता-खांद्यानं भक्कम, पत्रा बघितला की बॉल बघितल्यासारखा त्यावर झेप घेणारा. गॅरेजबाहेर पुंगळ्या काढलेल्या मोटारसायकलींची रांग उभी होती. ज्यांनी कोल्हापूरची दिवाळी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं : पाडव्याच्या सुमाराला इथं म्हशी सजवून पळवतात. मालक सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी काढलेल्या मोटारसायकलवर पुढं, आणि त्या फाटक्या आवाजाच्या मागं म्हैस, शिंगांना रंग, डोक्याला मोरपिसं, जीव तोडून धावतेय. म्हशीला महिनोन्महिने तो आवाज शिकवलेला असतो. ती मालकाला एकवेळ ओळखणार नाही, पण तो आवाज ओळखते. त्या दिवसांत राजवर्धनला श्वास घ्यायला फुरसत नसते.

"भाऊबीजेला आईला माहेरी न्यायचंय," आदर्श म्हणाला. "दार नीट दिसलं पाहिजे. रंग तंतोतंत."

"सर, आईचा विषय हाय न्हवं? मग गाडी नवरीगत करून देतो. काय टेन्शन घ्यायचं न्हाय."

पुढचे दिवस आदर्श शाळेतून सुटला की थेट गॅरेजला. पहिल्या फेरीला दार ठोकून सरळ झालं होतं, फक्त आधी आत गेलेलं आता बाहेर आलं होतं. दुसऱ्या फेरीला त्यावर पुट्टीचे थर चढले होते. तिसऱ्या फेरीला रंग लागला होता. उजवी बाजू संध्याकाळचा रंकाळा, डावी बाजू भिजलेलं कबूतर.

"राजवर्धन, हा रंग वेगळा आहे."

"कुठं?"

"हा बघा. यात निळा जास्त पडलाय. आणि पांढरा कमी."

राजवर्धननं मान तिरकी केली, डोळे बारीक केले, मागं सरकला, पुढं आला. "सर, तुमी दोन्ही बाजू बघितल्याय म्हणून तुमाला वाटतंय. रस्त्यावरचा मानूस कधी दोन्ही बाजू एकदम बघतोय व्हय?"

चित्रकलेच्या इतिहासात वस्तूच्या सगळ्या बाजू एकदम बघणारे थोर लोक होऊन गेले आहेत, हे सांगायची ती वेळ नव्हती. आदर्शचा अपमान झाला होता, पण तो रंगाचा झाला होता, आणि रंगाचा अपमान तक्रारीत कसा मांडायचा हे कुणी ठरवून दिलेलं नाही.

चौथ्या फेरीला कळलं की मागच्या डाव्या दाराला कडी मिळत नव्हती, म्हणून राजवर्धननं मागच्या उजव्या दाराची काढून तिकडं बसवली आहे.

"मग उजवं दार?"

"ते तुमाला लागतंय कशाला? डावीकडनंच उतरत्यात की लोक. उजवीकडनं उतरलं तर मागनं गाडी येती. तुमचीच सेफ्टी बघितली, सर."

मीरासाबचाचांनी मान डोलावली. "बात बरोबर हाय."

मग ब्रेक दाबला की हॉर्न वाजायला लागला. तो काढायला गेले तर हॉर्न दाबला की पाणी उडायला लागलं. ते पाणी बघायला गाडी जॅकवर उचलली तर जॅक घसरला आणि सायलेन्सर चेपला. पाडव्याच्या दुपारी आदर्श धावत पोचला तेव्हा राजवर्धन खुशीत होता. "सर, दिवाळीत कुठलं दुकान उघडं घावणार? म्हशीच्या गाड्यांचं जे सामान होतं त्यातनंच जोडून दिलंय. आईंचं काम अडलं न्हाय पायजे."

चावी फिरवली आणि गाडीनं जो आवाज काढला त्यानं समोरच्या चहाच्या टपरीवरचे ग्लास आपसांत बोलायला लागले.

घरी आल्यावर मीरासाबचाचांनी खिशातून चुंबक काढलं आणि डाव्या बाजूला लावलं. चुंबक खाली पडलं. दुसरीकडं लावलं. पडलं. पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत ते पडतच गेलं.

"आदर्श," चाचा गंभीरपणे म्हणाले, "ही गाडी न्हाय, शाडूचा गणपती हाय. भिजू दिऊ नगो."

"तुम्हीच सांगितलंत ना राजवर्धन!"

"म्हणूनच तर उद्या मी संगं येनार. जबाबदारी हाय माझी."

भाऊबीजेची सकाळ कोरडी, लख्ख उगवली. विठाबाईंनी साडी खाली काढली. डावीकडचं मागचं दार चाचांनी स्क्रू ड्रायव्हर, खांदा आणि देवाचं नाव यांच्या मदतीनं उघडलं. विठाबाई पहिल्यांदा आपल्या गाडीत बसल्या. सीटवर हात फिरवला, पदर नीट केला, पर्स मांडीवर घेतली, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की आदर्शला क्षणभर राजवर्धनला मिठी मारावीशी वाटली. चाचांनी दार लावलं. धप्प असा आवाज झाला. चाचांनी सहज ओढून बघितलं, मग जोर लावून बघितलं, मग पुढं येऊन बसले.

"काय झालं?" आदर्शनं हळूच विचारलं.

"कायबी न्हाय. दार आता उघडत न्हाय. पर आपल्याला उघडायचं कुठं हाय? चल."

गाडी निघाली. म्हणजे आवाज निघाला आणि त्यामागून गाडी. रंकाळा गेला, फुलेवाडी गेली, दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. रस्त्यानं माणसं वळून बघत होती आणि विठाबाईंना वाटत होतं साडी बघताहेत. "आदर्श, जरा सावकाश घे रं. लोकास्नी दिसू दे."

भोगावती ओलांडून थोडं पुढं गेल्यावर रस्त्याच्या कडेला एक गवळी मोटारसायकलला किक मारून मारून घामाघूम झाला होता. गाडी बंद पडली होती. मागं सजलेल्या म्हशींचा कळप खोळंबला होता. शिंगांना लालभडक रंग, डोक्याला मोरपिसं, पायांत घुंगरं, पुढच्या म्हशीच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'नाद खुळा'. महिनोन्महिने तालीम करून, अंगाला तेल लावून, ऐन दिवशी त्या अशा उभ्या होत्या, लग्नाच्या मांडवात नवरदेव पोचलाच नाही तसं.

आणि तेवढ्यात आदर्श आला.

'नाद खुळा'नं कान टवकारले. मान वळवली. तिच्या डोळ्यांत जी ओळख उमटली ती आदर्शनं आरशात स्वच्छ बघितली.

"चाचा, म्हशी निघाल्या."

"निघू दे की. सणाच्या दिवशी निघणारच."

"आपल्या मागं निघाल्या!"

घुंगरांचा खळखळाट जवळ आला. कळपाच्या बाजूनं तो गवळी कुणाच्यातरी मोटारसायकलवर मागं बसून येत होता आणि दोन्ही हात हलवत ओरडत होता. "ओ पावणं! थांबू नगासा! आजाबात थांबू नगासा!"

"का?" आदर्श खिडकीतून ओरडला.

"थांबलं की ती पुढचं पाय गाडीवर ठिवती! शिकीवलंय तिला!"

पुट्टीवर म्हैस! आदर्शच्या डोळ्यांसमोर भिजलेल्या कबुतराचा चुराडा तरळून गेला. तो हळू करू शकत नव्हता, कारण मागं 'नाद खुळा'. जोरात पळवू शकत नव्हता, कारण आवाज वाढला की म्हशीही वाढत होत्या. चाचा तर खिडकीतून अर्धे बाहेर आले होते आणि जन्मभर एसटी चालवल्याचं सार्थक झाल्यासारखे ओरडत होते, "गेर बदलू नगो! हाच ठिव! बाजूला व्हा ओ, बाजूला व्हा!"

"आई, घट्ट धरून बस!"

"कशाला?" विठाबाई ताठ बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून बघितलं. मोरपिसं, रंग, धुरळा, घुंगरं, आणि त्या सगळ्याच्या पुढं त्या. "आदर्श," त्या श्वास रोखून म्हणाल्या, "फाटा आला. घे आत."

गाडी गावात शिरली. गावातल्या लोकांनी आधी आवाज ऐकला, मग म्हशी बघितल्या आणि कुणाला काही विचारायची गरजच पडली नाही. कुणीतरी हलगी आणली. बायका दारात आल्या. एक म्हातारा गाडीला हात जोडून उभा राहिला. शिट्ट्या, हलगी, घुंगरं आणि राजवर्धनचा सायलेन्सर या गजरात विठाबाईंच्या भावाच्या, आकारामांच्या दारात गाडी आली, आणि आदर्शनं डोळे मिटून चावी बंद केली.

एकदम शांत झालं. आवाज गेला तशी 'नाद खुळा' थबकली. पुढचे पाय उचलावेत का, याचा तिनं विचार केला. तेवढ्यात गवळी येऊन तिच्या मानेला लटकला आणि तिनं नुसतीच मागची काच चाटली. धापा टाकत गवळ्यानं आदर्शचा हात हातात घेतला. "पावणं, काय वाजतीया गाडी! माझ्या मोटारसायकलला असलं करून पायजे. कुणाकडं केलं?"

"कोल्हापूरला," आदर्श दगडासारख्या चेहऱ्यानं म्हणाला. "फार बिझी असतो माणूस."

उंबऱ्यात बनाबाई उभ्या होत्या. तोंड उघडं, हातात पाण्याचा तांब्या. एसटीबद्दलचं वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं असावं, कारण ओठ हलले. पण एवढ्या म्हशींच्या समोर ते बाहेर पडेना.

"आक्का!" आकाराम धावत आले. "अगं, काय हे! मिरवणूक घिऊन आलीस! उतर, उतर."

सगळं गाव बघत होतं. हीच ती घटका होती. विठाबाईंनी दाराची कडी ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्यांनी उजवीकडं बघितलं. तिकडं कडीच नव्हती. पुढच्या सीटवरून चढून आणायचं म्हटलं तर आधी पाऊल, मग पदर हा क्रम राहिला नसता. आधी डोकं आलं असतं. इथवर आलेली अब्रू आता चार बोटांच्या कडीवर लटकत होती.

"उतरा की वन्सं," बनाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे जरा बारीक झाले. "का दार उघडंना?"

विठाबाईंनी काच खाली केली. ती मात्र खाली झाली, आणि हे त्या दिवसाचं एकमेव नशीब. "उघडंल की," त्या म्हणाल्या. "पर मला गाडीतच बरं वाटतंय. आकाराम, हिकडं ये. हितंच ओवाळती तुला."

गाव चाट पडलं. आकाराम खिडकीशी वाकले. बनाबाईंना ताट आणावं लागलं, निरांजन आणावं लागलं, अक्षता विसरल्या म्हणून परत जावं लागलं. विठाबाईंनी खिडकीतून ओवाळलं, खिडकीतून पेढा भरवला, खिडकीतून ओवाळणी घेतली. मागं बायका एकमेकींना सांगत होत्या, "उतरत न्हाईत म्हणं. कोल्हापूरची तऱ्हाच येगळी बाई." आकाराम गहिवरून म्हणाले, "आक्का, जेवायला तरी उतरशील न्हवं?" तेव्हा विठाबाई म्हणाल्या, "बघू."

मीरासाबचाचा आदर्शच्या कानाशी लागले. "वैनी जन्मभर एसटीनं का फिरल्या? ह्यांनी तर मंत्री व्हायला पायजे हुतं."

बनाबाई गाडीजवळ घोटाळत होत्या. त्यांनी बोनेट बघितलं, आरशात स्वतःला बघितलं. मग आवाज खाली आणून, कुणी ऐकत नाही ना हे बघत म्हणाल्या, "वन्सं, जरा सरकता का? मला बी बसू द्या की आत. एक चक्कर. फाट्यापातूर."

विठाबाईंनी त्यांच्याकडं शांतपणे बघितलं. किती वर्षांच्या टाचण्या त्या नजरेत होत्या कुणास ठाऊक. "ये की," त्या म्हणाल्या. "वड दार."

"आई, नको—" आदर्श म्हणाला.

बनाबाईंनी तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी दार ओढलं. कटकन काहीतरी तुटलं. पुट्टीची एक पांढरी शीर दाराच्या कडेनं चुरचुरत गेली. आणि आख्खं दार, भिजलेल्या कबुतराच्या रंगासकट, गाडीला सोडून बनाबाईंच्या मिठीत आलं.

हलगी थांबली. बनाबाई दार छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या, चेहरा पांढराफटक. "वन्सं," त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, "माझ्या हातनं... नव्या गाडीचं..."

गाडीला आता डावीकडं भरपूर मोकळी जागा होती. तिथून आधी विठाबाईंचं पाऊल आलं. मग पदर. मग पर्स. त्या सावकाश खाली उतरल्या, साडीच्या निऱ्या झाडल्या, सगळ्या गावावरून एक नजर फिरवली, आणि भावजयीच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला.

"असू दे बनाबाई, हुतंय चुकून," त्या म्हणाल्या. "नीट धर तेवढं. रंग वला हाय."